गोठ्यावरचा फ्लेक्स

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला वडनेरची ती दुपार आठवते. रविवारच्या पुरवणीत माझी एक गोष्ट छापून आली होती आणि तेवढ्यावरून गावाने मला लेखिका ठरवून टाकलं होतं. शेजारच्या काकू आल्या. काकांची तेरवी जवळ आली होती, बसस्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. "तू लिहिते नं, मंग ह्यायच्यासाठी चार ओळी लिहून दे," त्या म्हणाल्या. लेखिका म्हणून आलेलं ते माझं पहिलं काम. काका भडक डोक्याचे, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात भिरकावणारे. पण मी जीव ओतून प्रेमळ, शांत, मायेची सावली असं सगळं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माणूस लय चांगला वाटून राह्यला. कोन होय हा?" मी ओशाळून कागद परत मागितला, तर त्यांनी तो दिला नाही. "राहू दे. असाच छापू." तेरवीनंतर त्यांनी फ्लेक्स उतरवून म्हशीच्या गोठ्यावर छप्पर म्हणून टाकला, छापील बाजू आत करून. उन्हाने रंग उडू नये म्हणून, की लोकांना दिसू नये म्हणून, ते विचारायचा मला धीर झाला नाही. आता माझी पुस्तकं निघतात. परवा गावी गेले तेव्हा गोठ्यात डोकावले, तर काका माझ्या ओळींसकट वरून हसत होते आणि काकू त्यांच्याखाली बसून धार काढत होत्या. त्या कधी वर बघतात का, हे मला अजून कळलेलं नाही.