जावयाच्या गाडीचं इंजिन

मिस्त्रींचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. वीस वर्षं मी गॅरेजात त्यांच्या शेजारीच काम केलं. मोठं इंजिन बसवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी विचारायचे, "गिअरबॉक्स आणि ॲक्सल कोण बदलणार?" जुन्या ॲक्सलला मोठ्या इंजिनाचा जोर पेलवत नाही. गिऱ्हाईक काचकूच करू लागलं की मिस्त्री काम घेत नसत.

पगारातून त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते पैसे साठवले, त्याच सुमारास त्यांचे जावई गाडी आणि मोठं इंजिन घेऊन गॅरेजात आले.

"मामा, फक्त इंजिन बदला. बाकी सगळं ठणठणीत आहे."

मिस्त्री बोलणार, तोच डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने डोळे वटारले. "जावयाशी हुज्जत घालू नका. लेकीला ऐकावं लागतं."

मिस्त्रींनी गिअरबॉक्सचा विषय न काढता काम हाती घेतलं. आयुष्यात इतकं नीट बसवलेलं इंजिन मी पाहिलं नव्हतं. दहाव्या दिवशी गाडी चढावर थांबली. ॲक्सल तुटला होता आणि गिअरबॉक्सचे दात झडले होते.

"मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल," जावई म्हणाले.

मिस्त्रींनी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पैशांतून नवा गिअरबॉक्स आणि ॲक्सल आणले, आणि भिंतीला धरत गाडीखालच्या खड्ड्यात उतरून स्वतःच बसवले.