डाव्या गालातली सुपारी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आयला ओळखत नाही. पण ओळखत नाही म्हणजे आधी आय कोण ते सांगायला हवं — पाहा, सुरुवातीलाच मुद्द्यावरून सरकले. मला ती सवयच आहे.

आय म्हणजे माझी सासू. मानकोलीच्या नाक्यावरून आत वळलं की आमचं गाव. भाताच्या खाचरांवर आता गोदामं उभी आहेत, आणि त्यातल्याच एका गोदामात मी माल तपासणीच्या कामाला आहे. आय धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात ती पाटाजवळ बसून धवले गाते आणि त्या गाण्यांवरच एकेक विधी पुढे सरकतो. ती आल्याशिवाय हळद लागत नाही. मोठमोठे जमीनवाले, दारात दोन-दोन गाड्या असलेले, तिची वाट बघत ताटकळतात. सासरे जाऊन कैक वर्षं झाली, कपाळ मोकळं, तरी शुभकार्यात पहिला मान तिचा. काय आवाज आहे हो तिचा! नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव, अंगणातलं झाड — सगळं ती गाता गाता ओवून घेते, आणि कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेला नवरीचा भाऊ डोळे पुसायला लागतो.

धवल्याला दोघी लागतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. आयची जोडीदारीण म्हातारपणानं घरी बसली आणि आयची नजर माझ्यावर गेली. मी भाकऱ्या थापताना गुणगुणायचे, ते तिनं ऐकलं होतं. तिनं मला शिकवलं — चुलीपाशी, कपडे वाळत घालताना, कधी रिक्षात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात आवडायचं. बाहेर मात्र मी बी.कॉम. झालेली, गळ्यात ओळखपत्र घालून ड्युटीला जाणारी बाई. चार लोकांत चटईवर बसून धवले? ते म्हाताऱ्यांचं काम, असं मला वाटायचं.

आणि नेमकी त्याच सुमारास माझी अक्कलदाढ उगवायला लागली.

ज्यांना हे दुखणं झालंय त्यांना सांगायला नको. खालची, डावीकडची. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीच्या झालरीखाली. त्या झालरीत भाताचं शीत अडकलं की दुसऱ्या दिवशी गाल टम्म. गिळताना कानात कळ जायची, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, आणि आत सतत एक घाण, खारट चव. नवऱ्यानं थट्टा करून घेतली — अक्कल येतेय, जागा देत नाहीस म्हणून भांडतेय. आय मात्र हसली नाही. मऊ पेज केली, कोमट मिठाच्या पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. नारपोलीत एक दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्यांचा दवाखाना. त्यांनी झालर धुतली, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, “सूज उतरली की या. दाढ आडवी आहे, काढावीच लागेल. नाहीतर हे परत परत होणार.”

सूज उतरली. मी गेले नाही. आधी भीतीनं — सुईची, पकडीची. दुखायचं थांबलं की माणूस विसरतो, तुम्हीही विसरला असतात. मग पुन्हा सुजली. पुन्हा गोळ्या, पुन्हा विसरणं. आणि या येण्याजाण्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दाढ सुजली की मला कुणी गायला बसवत नव्हतं! आय स्वतःच म्हणायची, “नको गं, तोंडाला तरास नको.” कसं सांगू... ती दाढ माझ्या कामाची झाली होती. आयनं विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मी म्हटलं, काढायची गरज नाही, आपोआप जागा करून घेईल. तिनं मान डोलावली. तिला माझ्यावर संशय घ्यायचं कारणच काय होतं?

इथपर्यंतचं खोटं लहान होतं. असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

मग माझ्याच गोदामातल्या एका मुलाचं लग्न ठरलं. शेजारच्या गावचा, आमच्यातलाच. हळदीला आयला बोलावणं होतं आणि माझ्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाही. आय महिनाभर आधीपासून खूश. मला पहिल्यांदा शेजारी बसवणार होती, सगळ्यांसमोर. माझ्यासाठी तिनं कपाटातून स्वतःची हिरवी साडी काढून ठेवली होती, घडीघडीत कापूर घालून. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय? आमच्या टीम लीडर मॅडम, ठाण्याहून येणाऱ्या मुली, त्यांचे मोबाईल, आणि मधोमध चटईवर मी.

तेव्हा दाढ ठणठणीत होती. सूज नाही, कळ नाही, काही नाही.

हळदीच्या दुपारी मी न्हाणीघरात गेले आणि डाव्या गालात एक अख्खी सुपारी ठेवली. वर रुमाल दाबला. आरशात पाहिलं — हुबेहूब. बाहेर येऊन नुसतं हुं हुं केलं. आयनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला... साडीसाठी नव्हे हो, माझ्यासाठी उतरला. रागाचा एक शब्द नाही. मला म्हणाली, “तू मागं बस बाय. मी बघते.”

मी मागे बसले, खांबाआड, गालाला रुमाल लावून. आणि आय एकटी गायली. ओळ तीच टाकायची, तीच झेलायची. टाकताना आवाज मोकळा, झेलताना जरा खालचा, थेट दुसऱ्या बाईसारखा. श्वास कुठे घेत होती कोण जाणे. शेवटाकडे घसा फाटला, एक ओळ नुसती हवा होऊन गेली, तरी तिनं ती पुन्हा उचलली आणि हळद पुरी केली. मांडवात कुणी हललं नाही. मी तोंडात सुपारी धरून ते ऐकलं. असं गाणं मी पुन्हा ऐकलेलं नाही, आणि ते माझ्या खोट्यातून निघालं होतं.

थांबा. अजून सांगायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुली मोबाईलवर तेच बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, “कोण होत्या गं त्या आजी? अंगावर काटा आला माझ्या!” सगळ्या वाहवा करत होत्या. हसत नव्हतं कुणी. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. माझी सासू — एवढंच.

मी म्हटलं, “गावातल्या आहेत कुणीतरी.”

त्या संध्याकाळी मी बोंबील तळले. आयला कुरकुरीत बोंबील जिवापाड आवडतात. तिनं ताट सरकवलं. बसलेल्या घशानं म्हणाली, “गावदेवीला बोललेय. तुझी दाढ बरी व्हईपर्यंत मासळी न्हाय.” आगरी बाई आणि मासळी नाही! मला वाटलं, आठवडाभरात विसरेल. ती कसली विसरते? मी रोज घरादाराला मासळी रांधायचे, ती वरणभात कालवायची, वालाचं बिरडं खायची, आणि वर मला सांगायची, कालवणात मीठ कमी वाटतंय — नुसत्या वासावरून. नारळी पौर्णिमा झाली, होड्या खाडीत गेल्या, ताजी मासळी दारावर यायला लागली. ती कोळणीशी भाव करायची, आमच्यासाठी निवडून घ्यायची, हात धुऊन टाकायची. दाढ बरी आहे असं म्हणावं, तर गायला बसावं लागणार. मी गप्प राहिले.

पुढे दाढ खरोखरच सुजली, यापूर्वी कधी नाही अशी. ताप, मानेपर्यंत सूज, तोंडात बोटही जाईना. आय माझ्यासोबत नारपोलीला आली. डॉक्टरीणबाई तिच्यासमोरच चिडल्या, “मी पहिल्या वेळीच काढायला सांगितली होती ना? ऐकलं का नाही?” झालं, पकडली गेले. माझी नजर फरशीवर. आणि आय काय म्हणाली? “डाक्टरीनबाय, पोर घाबरली असंल. दाढ उपटायला कोन घाबरत न्हाय?” आणि माझा हात धरून बसली. एक खोटं तिनं असं फुंकर मारून उडवून लावलं. त्याच क्षणी दुसरंही सांगायला हवं होतं, नाही का? माझं तोंड उघडत नव्हतं. ही सबब मात्र त्या दिवशी खरी होती.

सूज उतरल्यावर दाढ काढली. जखम भरली. आयनं गावदेवीला नारळ फोडला आणि त्या रात्री बोंबील खाल्ले, काटासुद्धा सोडला नाही, बोटं चाटली. मी समोर बसून वाढत होते. पुढच्या लग्नात मी हिरवी साडी नेसून तिच्याशेजारी बसले.

आता मीच झेलते. मोबाईल काढतात, काढू देत. आय माझी सासू, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक आहे आता. त्या दिवशी मी काय म्हटलं होतं, ते कुणाला आठवत नाही. आय थकलीय, ओळ टाकताना मधेच थांबते, मग मी उचलून धरते. पण गाणं सुरू करण्याआधी ती प्रत्येक मांडवात, प्रत्येक वेळी, जमलेल्या बायकांना अभिमानानं सांगते: “ही माझी सून. दाढेचं एवढं दुखनं काढलं पोरीनं, पन धवला सोडला न्हाय.” बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. आय माझ्या डाव्या गालावरून हात फिरवते. सुपारी त्याच गालात होती.

मी मान खाली घालते, आणि ती ओळ टाकते.