यादी न वाचता म्हटलेलं ‘हो’

अंधशाळेच्या छापखान्यात संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘सबूर’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कोणी स्क्रीनवरचा मजकूर न वाचता बटण दाबायला गेलं, की हा पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, “सबूर! आधी वाचा, मग हो म्हणा.” माणूस कामाला चोख, जिभेला तिखट, आणि आपण चुकत नाही यावर त्याची गाढ श्रद्धा.

छापखान्याचा जीव एका प्रोग्रॅममध्ये होता. तो साधा मजकूर ठिपक्यांच्या लिपीत बदलायचा आणि यंत्र ते ठिपके जाड कागदावर उठवायचं. प्रोग्रॅम कुणा परक्याने लिहिलेला, त्यामुळे आपल्या जोडाक्षरांशी त्याचा छत्तीसचा आकडा. त्याला माणसात आणलं ते ताईंनी. ताई तिथल्या मुद्रितशोधक, जन्मापासून दृष्टी नाही. कागदावर बोट फिरवता फिरवता थांबत आणि म्हणत, “इथे अपूर्णांकाची रेघ चुकली रे.” की त्या सांगतील ते ठिपक्यांचे आकडे घालून सबूर नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायचा. पंधरा वर्षांत चार हजार ओळी झाल्या.

अलीकडे मधुमेहाने ताईंची बोटं बधिर झाली होती. “बोटं गेली तरी फाइल आहे ना,” त्या हसून म्हणत. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

संगणकाची सिस्टिम इतकी जुनी झाली होती, की तिच्या सुरक्षेच्या सुधारणा येणंच बंद झालं. नवी आवृत्ती चढवणं भाग होतं. सोमवारी सकाळी सबूर बसला आणि अर्ध्यावर घोडं अडलं. संगणकातले प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यांनी बसवतात त्यातल्या एका पॅकेजला दुसरं नवं हवं, दुसऱ्याला तिसरं जुनंच हवं, आणि तिसरं नव्याच्या पंक्तीला बसायला तयार नाही. शुद्ध भाऊबंदकी! हे काढ, ते परत बसव, असं करता करता तीन तास गेले आणि त्याचं डोकं उठलं. शेवटी ही पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने, पॅकेज मॅनेजरनेच, स्क्रीनवर तोडगा सुचवला: खालील पॅकेजेस काढून टाकू का? यादी तीन स्क्रीन लांब होती. सबूरने ‘हो’ दाबलं.

काम सुरळीत पार पडलं. तो चहा पिऊन आला आणि पहिलं पान छापायला गेला, तेव्हा प्रोग्रॅम जागेवर नव्हता. काढायच्या यादीत प्रोग्रॅमचंही नाव होतं. त्याच्याबरोबर नियमांची फाइलही गेली, कारण ती प्रोग्रॅमच्याच फोल्डरात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

प्रोग्रॅम परत मिळाला, पण कोराच. बॅकअप रोज निघत होता, तो फक्त लोकांच्या फोल्डरांचा. पुसलेल्या जागेवर नव्या फाइली बसल्या होत्या. आठवडाभर त्याने डिस्क उकरली, जुने पेनड्राइव्ह धुंडाळले आणि शेवटी हात टेकले.

“छापलेली पुस्तकं आहेत, त्यावरून नियम काढा,” मुख्याध्यापक म्हणाले. ठिपके वाचणाऱ्या शिक्षकांना चूक कळे, पण तिच्यामागचा नियम एकट्या ताईंच्या बोटांना ठाऊक होता.

शनिवारी तो ताईंसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

“काढण्याआधी मशीनने विचारलं नाही का रे?”

“विचारलं होतं, ताई.”

“मग?”

“मी हो म्हटलं.”

ताईंनी हात पुढे केला. “आण एक पान.”

कोऱ्या प्रोग्रॅमने छापलेलं पान त्याने पुढे ठेवलं. ताईंनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, मग दुसरं बोट, मग करंगळी. पुन्हा सुरुवातीला आल्या. शेवटी कागद त्याच्याकडे सरकवला.

“तूच बघ. बरोबर आहे का?”

सबूरने कागद हातात घेतला. ताई होत्या म्हणून पंधरा वर्षांत तो ती लिपी शिकलाच नव्हता. पांढऱ्या कागदावर पांढरे ठिपके होते, आणि त्याला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं.