साहेबांच्या मिशीला लागलेला पराग

तयार कपड्यांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून ताई लोकांच्या पँटी आखूड-सैल करायची. कोणी कुरकुर केली की दाताने दोरा तोडत सुनवायची, "कंबर तुमची वाढलीय, पँट नाही आटली." तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

धाकटा भाऊ गेला आणि घरात ताई अन् भावजय अशा दोघीच उरल्या. भावाने खिडकीत लावलेल्या कुंड्या ताईने जिवापाड जपल्या. भावजय त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तिने एक पिवळट बोका आणला. औषधांच्या दुकानातला दिवसभराचा काउंटर उरकून आली की ती त्यालाच मांडीवर घेऊन बसायची. तो घरभर तपासणीला आल्यासारखा फिरायचा, म्हणून त्याचं नाव साहेब.

साहेबांना कुंडीतली माती उकरायचा नाद होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी फर्नची कुंडी पार उपसली. ताईचं डोकं फिरलं. "मरत का नाही हा एकदाचा!"

भावजय दारात चपला घालत होती. तिने दार आपटलं असतं तरी ताईला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच ओढून घेतलं.

ताईची सुट्टी होती. तिच्या खोलीत लिली फुलली होती. कंद भावानेच लावलेला, फूल बघायला मात्र तो राहिला नव्हता. बोक्याच्या भीतीने ताई खोलीचं दार बंदच ठेवायची. पण फरशी पुसून झाल्यावर वाळायला म्हणून तिने ते उघडं टाकलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

परत येऊन बघते तर साहेब पलंगावर बसून पंजा चाटताहेत. नाक केशरी, मिशा केशरी. लिलीच्या एका पानाचा शेंडा गायब. ताईने हाकललं तसा तो शिलाई मशीनखाली गेला आणि तिथेच ओकला. फेसात पानाचे हिरवे तुकडे होते.

"बरं झालं, पडलं बाहेर," असं म्हणत तिने फरशी पुसली. बोका खुर्चीवर चढला आणि वेटोळं करून झोपला. झालं ते कोणाला कळणारही नव्हतं. ताई ओलं फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. मग फ्रिजवर भावजयीने चिकटवलेला प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर तिने फिरवला.

"एकदाच ओकलाय," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "झाडाचं पान खाल्लं."

"कोणतं झाड?"

"लिली."

"अंगावर पराग आहे?"

"नाकाला आहे, मिशांना आहे."

"ओल्या फडक्याने पुसा, चाटू देऊ नका. आणि असाल तशा निघा. मांजरांना लिली म्हणजे विष. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा."

"पण आता बरा दिसतोय हो. झोपलाय."

"बरा दिसतो म्हणूनच लोक थांबतात, आणि तोवर किडन्या जातात. निघा."

ताईने दुसरं फडकं ओलं करून त्याचं नाक आणि मिशा पुसून काढल्या. कामाची चेनची पिशवी तिने पलंगावर उपडी केली, बोक्याला आत घातलं, चेन थोडी उघडी ठेवली. टॅक्सीत त्याने तिच्या मनगटावर ओरखडे काढले. ते तिला बरंच वाटलं. तो गप्प पडला की ती पिशवीत हात घालून श्वास चालू आहे का बघायची.

दवाखान्यात त्याच्या पुढच्या पायाचे केस कापून सलाईन लावलं. मग ताईने भावजयीला फोन केला.

भावजय दुकानातला पांढरा कोट तसाच घालून धावत आली. बाकावर ताईशेजारी बसली. "तुमच्या खोलीचं दार बंद असतं ना?"

"असतं. आज फरशी वाळायला उघडं टाकलं."

"सकाळी तुम्ही बोललात ते..." भावजय तिच्याकडे वळली. "ताई, खरं सांगा. मुद्दाम?"

"नाही गं, शप्पथ." ताईला तिथेच थांबता आलं असतं. "पण तो ओकला, मी पुसलं, तेव्हा मनात आलं. गप्प बसावं, कोणाला कळतंय."

भावजय उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्त घ्यायचंय, आणि तो हात लावू देत नाहीये. धरायला दोघी लागाल."

दोघींनी धरलं. भावजयीने डोकं, ताईने मागचे पाय. तो ओरडला तेव्हा दोघींनीही डोळे मिटले.

सलाईन दोन-तीन दिवस चाललं. पहिला रिपोर्ट काळजीचा होता. ताई दुकानात पँटीचा चुकीचा पाय कापून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाची माफी मागून मोकळी झाली. घरी गेल्यावर लिली उपटायला तिने हात घातला, तर मागून भावजय म्हणाली, "फेकू नका. त्यांनी तो कंद लावला तेव्हा मी माती भिजवत होते." हे ताईला ठाऊकच नव्हतं. कुंडी ताईच्या दुकानाच्या मालकिणीकडे गेली. तिच्या घरी मांजर नव्हतं.

दुसरा रिपोर्ट बरा आला. साहेब घरी आले ते थेट पलंगाखाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोघींनी एकेक कुंडी खाली उतरवली. फर्न आणि अरेका पाम राहिले. मनीप्लांटने जीव जात नाही, पण तोंडाची आग होते, म्हणून तो शेजारणीला दिला. भावजय मदत करत होती, पण बोलत नव्हती. बोक्याचं औषध ती स्वतःच द्यायची, दुपारच्या औषधालाही कामावरून घरी येऊन जायची. ताईने पुढे केलेला हात तिला दिसायचाच नाही.

असेच काही दिवस गेले. ताईच्या सुट्टीच्या एका सकाळी औषधांच्या दुकानातून भावजयीला लवकर ये म्हणून फोन आला. पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली, परत आली आणि औषधाची बाटली ताईसमोर ठेवली.

"आज मला मधे यायला जमणार नाही. दुपारचं तुम्ही द्याल? थोडं थुंकतो तो. पण द्या."

"देते," ताई म्हणाली. दुपार व्हायला बराच वेळ होता, तरी तिने आत्ताच जाऊन हात धुतले.