त्सिगानकाम

गेझा गवंडी ओळंब्याला देव मानी. स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाच्या त्या गावात रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांची वस्ती ओढ्यापलीकडे; गेझाही तिथलाच. अलीकडची निम्मी घरं मात्र गेझाच्या हातची. भिंत बोटभर कलली तर मालक नको म्हणत असतानाही तो ती पाडी.

साठी उलटल्यावर त्यानं मेहुण्याला, बर्तोला, जोडीला घेतलं. बर्तोचा हात जड, पण तो मन लावून काम करी. ओढ्याअलीकडच्या वेंडेलच्या नव्या खोलीचा कोपरा त्यानं एकट्यानं रचला आणि तो चुकला. गेझानं ओळंबा सोडून पाहिला नि खेकसला, "हे काय रे, त्सिगानकाम?"

त्सिगान ही गावानं रोमांना दिलेली शिवी; भिकार कामालाही हेच नाव. खोटं बोलणं म्हणायलाही त्याच शब्दावरून केलेलं क्रियापद. गेझाच्या पहिल्या मिस्त्रीनं हा शब्द तोंडावर फेकतच त्याला काम शिकवलं होतं. थापीच्या मुठीसारखा तो अंगवळणी पडलेला.

खिडकीतून वेंडेल हसला. "ऐक बर्तो, तुमचाच माणूस म्हणतोय. मी म्हटलं असतं तर फुगून बसला असतास."

बर्तोनं थापी धुतली, गेझाच्या बादलीत ठेवली आणि चालू लागला.

गेझानं कोपरा उतरवला. विटा स्वतः वाहिल्या, माल स्वतः कालवला, कंबर धरली तरी थांबला नाही. कोपरा ओळंब्यात आला. त्याला मात्र मान वर करवेना.

घरी बायकोनं, योलानानं, रस्सा वाढला नाही. "माझ्या भावाला काय म्हणालास?"

"कामाला म्हणालो."

"कामाला कान असतात होय? आपल्या बोलीत रोम म्हणजे माणूस, रोम म्हणजे नवरा. तुला मी तेच म्हणते. त्याला तू गावाचा शब्द दिलास, तोही गावासमोर."

तो तसाच उपाशी बर्तोकडे गेला. बर्तो अंगणात लाकडं फोडत होता.

"चुकलं रे माझं," गेझा आपल्या बोलीत म्हणाला. "उद्या ये कामावर."

आजवर बर्तोनं त्याला 'दाजी'शिवाय हाक मारली नव्हती. त्यानं स्टूल पुसून पुढे केलं, कॉफी आणली आणि गावाच्या भाषेत विचारलं, "बसा मिस्त्री. साखर किती घेता?"

गेझानं आपल्या बोलीत सांगितलं. बर्तोनं तेवढी घातली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.