जाते म्हणू नये गो

या ग्रुपवरचे अनुभव मी रोज चहासोबत वाचतो, हसतो आणि कामाला लागतो. भूत, चाहूल, सावली... माझा यातल्या कशावरच कधी विश्वास नव्हता. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका रंगाच्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो. जे मोजता येत नाही, ते आमच्याकडे रिजेक्ट होतं. हे मात्र काही केल्या रिजेक्ट करता येईना, म्हणून लिहितोय.

मागच्या जानेवारीतला शनिवार. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या घरून आम्ही चौघं निघालो — मी, बायको सुप्रिया, नऊ वर्षांची इरा आणि साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आलेली आई. हजर नावाच्या डोंगररांगेतलं एक जुनं गाव बघायचं होतं. (नाव मुद्दाम देत नाही, उगाच रीलवाले जाऊन गर्दी करतील.) दोन तास ड्राइव्ह केल्यावर शेवटचं वळण घेतलं आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अगंबाई! डोंगरावर दूध उतू गेल्यासारखं दिसतंय."

खरंच, डोळे निवले हो. तपकिरी, उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या कुशीत पंधरा-वीस पांढरीशुभ्र घरं. माणसं केव्हाच शहरात राहायला गेलीत, पण घरं नीट जपली आहेत. जन्मभर भिंती बघितल्या, पण असा हात नाही बघितला. दगडमातीवर चुन्याचे थरावर थर, कोपरे बोटांनी गोल केलेले. मी आपला भिंतीवरून हात फिरवत उभा.

"इतकी वर्षं लोकांना चुना लावलास," सुप्रिया म्हणाली, "आता खरा कसा लावतात ते बघ."

खजुराच्या खोडांचं छप्पर, भिंतीत कोनाडे, दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. बाहेर ऊन आणि आत मस्त गारवा. घरांच्या मागून दगडी पाट वाहत होता. ना पंप, ना मोटर! कोण्या काळी कुणीतरी असा उतार साधला की पाणी अजून वाहतंय. त्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

गावाची राखण पेशावरकडचे एक चाचा करतात. त्यांनी आईला आणि सुप्रियाला वरच्या बुरुजापाशी बसवून कहवा दिला. मी आणि इरा उतरत उतरत अगदी खालच्या घरापाशी आलो. त्याला एकच दार, खिडकी नाही. दारासमोरून पंचवीस-तीस पायऱ्या खाली कोरड्या नदीपात्रात उतरतात. इकडे त्याला वादी म्हणतात. पात्राच्या मधोमध एक मोठा सपाट दगड होता. पाऊस असेल तर वादीत उतरू नका, अशी पाटीही होती. पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. दूर शिखरांवर थोडे काळे ढग दिसत होते, तेवढेच.

मी घराच्या कोपऱ्याशी फोन सेट करत होतो. इरा घरातून बाहेर आली, पायऱ्यांकडे वळली. आमच्या घरी आई तिला सारखी मराठीत बोलायला लावते, म्हणून असेल, इरा म्हणाली, "ओके बाबा, मी जाते."

ती दोन पायऱ्या उतरली असेल. तेवढ्यात त्या घरातून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, संथ, मायेचा.

"बाय... जाते म्हणू नये गो. येते म्हण."

मला वाटलं आईच. ती दिवसातून दहा वेळा इराला हेच शिकवते. मी वळूनही पाहिलं नाही, उलट ओरडलो, "इरा, यल्ला, लवकर, ऊन फिरतंय!" पण ती परत वर आली, दारात वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "येते."

...आणि खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला. वरून चाचा जिवाच्या आकांताने ओरडत होते, "वादी आ गया! बच्ची को पकडो!" वळणावरून तपकिरी पाण्याचा लोंढा आला. तो सपाट दगड बघता बघता दिसेनासा झाला. खालच्या आठ-दहा पायऱ्याही गेल्या. मी इराला असं घट्ट धरलं की तिच्या दंडावर वळ उठले.

आई आणि सुप्रिया बुरुजाकडून धावत आल्या. आईच्या हातात कहव्याचा पेला तसाच होता. तोवर ती तिथून हललीच नव्हती, सुप्रिया साक्षीला आहे. मी घरात शिरून पाहिलं. एक चटई, एक मातीचं भांडं... बाकी काही नाही.

"अंदर कौन होगा, साहब?" चाचा म्हणाले. "पूरे गाँव में एक मैं हूँ और मेरी बकरियाँ. आज तो बस आप ही की गाडी आयी है."

मी इराला विचारलं, परत का फिरलीस?

"Somebody said bye to me, Baba. So I went to say it properly."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते 'बाय' इंग्रजी नव्हतं. कोकणात लेकीबाळींना बाय म्हणतात, गो म्हणतात. आमच्या साताऱ्याच्या घरात हे शब्द कुणी वापरत नाही. आईने ऐकलं. त्या दारात वाकून तिने उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली, "बाई, लेकरू राखलंस."

जुने अरब व्यापारी मुंबईला यायचे, तिकडची एखादी बाई लग्न होऊन इथे आली असेल, असं एका मित्राने सुचवलं. आली असेल. पण मग त्या रिकाम्या घरात त्या दिवशी कोण बोललं? मला भीती मात्र वाटत नाही, त्या आवाजापुढे फक्त हात जोडावेसे वाटतात.

आता एकच सांगायचं राहिलंय. इरा आपणहून खाली निघाली होती, असं मी घरी सांगितलं. ते खोटं आहे. फोटोत एका बाजूला पांढरी भिंत छान येईल म्हणून त्या दगडावर जाऊन उभी राहा, असं तिला मीच सांगितलं होतं. पाटी वाचूनही सांगितलं होतं. हे लिहून झालं की आधी सुप्रियाला वाचायला देणार आहे.

इराला सगळं ठाऊक होतं, तरी ती कुणाला बोलली नाही. परवा न राहवून मी तिला विचारलं, तुझ्या आईला का नाही सांगितलंस गं?

"You were already crying, Baba," ती म्हणाली.