काचेवरची भुरी

बंद दाराच्या फटीतून आत आलेली उन्हाची एक पट्टी, ओल्या गोणपाटावर पसरलेला सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात) आणि समोर लाकडी पेटीतला, चारी कोपऱ्यांनी पांढरा होत चाललेला एक रंगीत टीव्ही... माझं शिक्षण कुठे झालं असं कुणी विचारलं की शाळेच्या, कॉलेजच्या आधी मला ही खोली आठवते. तिच्यात भाजीच्या देठांचा हिरवा वास असायचा, आणि टीव्ही तापला की त्याच्या मागच्या जाळीतून येणारा तापलेल्या धुळीचा, लाकडाच्या पॉलिशचा वास त्यात हळूहळू मिसळायचा.

खोली कमलाकाकूची. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावी, चौरस्त्यापासून थोडं आत, आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. आमच्यासारखीच त्यांचीही भाजीची वाडी. तिचे यजमान, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचे. तिथल्या मालकानं स्वतःसाठी नवा टीव्ही घेतला तेव्हा जुना यांना देऊन टाकला. तो काकाजींनी दोन ब्लँकेटांत आणि काकूसाठी घेतलेल्या नव्या साड्यांत गुंडाळून जामपर्यंत आणला. आमच्या गल्लीत तोवर कुणाकडे काळापांढराही नव्हता. सुटी संपवून परत जाताना काकाजी उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाले, "कमले, याले सांभाळजो."

काकूला मूलबाळ नव्हतं. त्या शब्दानंतर तिनं टीव्हीला जवळजवळ घरातलं माणूस करून टाकलं. त्याच्यासाठी झालर लावलेलं कापड शिवलं. आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालून आली की ओल्या फडक्यानं काच पुसायची.

दुपारी टीव्हीवर विज्ञानाची व्याख्यानं लागत. भाषा इंग्रजी, शिकवणारे कुठल्या तरी मोठ्या शहरातले. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण ते निम्मंही आमच्या शाळेत कुणी सांगितलेलं नसायचं. अडचण एकच होती. पोरीच्या जातीनं भरदुपारी टीव्हीपुढे बसून राहावं हे माझ्या मायला पटत नव्हतं. त्यावर काकूनं उपाय काढला. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराच्या जुड्या, त्यांच्याही आणि आमच्याही, काकूच्या खोलीत बांधायच्या. मग ते टीव्ही पाहणं नव्हे, काम झालं. हात आपोआप देठ जुळवायचे, खाली ठोकून सारखे करायचे, केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, गाठ मारायचे, डोळे समोर.

"काय म्हणून राह्यला वं तो?" काकू विचारायची.

"प्रकाश वाकते म्हणते, काकू. भिंगातून जाताना."

"वाकू दे त्याले. तू जुडी सैल बांधून राह्यली. गिऱ्हाईक हातात घेईन तं सांबार पायावर पडन."

व्याख्यान संपेपर्यंत ती उठायची नाही. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी एकटी बसले तर माय हाक मारील, हे तिला ठाऊक होतं.

पांढरेपणा कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येणार नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात भिजलेल्या साबुदाण्याएवढा एक ठिपका दिसू लागला. काकूनं तो पुसला, गेला नाही. मग त्याच्याशेजारी दुसरा आला, मग कडेकडेनं एक रांगच... काकूनं कोमट पाणी लावून पाहिलं, चुलीची राख चाळून तिनं घासलं, लिंबू फिरवलं. पांढरा थर मधे सरकतच राहिला. शेवटी एका सकाळी तिनं मला बोलावून घेतलं, बोट दाखवलं आणि शेतातल्या माणसाच्या ठाम आवाजात निदान केलं, "भुरी हाये ही."

ज्यांनी भाजी पिकवली नाही त्यांच्यासाठी सांगते. भुरी म्हणजे भेंडीच्या, काकडीच्या पानांवर येणारा पांढरा रोग. पान जणू पिठात बुडवून काढलंय असं दिसतं. त्यावर गंधकाची भुकटी धुरळतात, तीही पहाटे, पानावर दव असताना, म्हणजे ती चिकटून राहते. काकूनं सगळं रीतसर केलं. पहाटे उठली, काच ओल्या फडक्यानं दमट केली, पातळ कापडाच्या पोटलीत गंधक बांधलं आणि हलक्या हातानं सबंध टीव्हीवर झटकलं. मी शेजारी उभी होते, आणि मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. भेंडीची जाते, तर याची का जाणार नाही?

त्याच आठवड्यात काकाजी सुटीवर आले. बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी टीव्हीवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"कमले, हे पिवळं काय हाये?"

"गंधक."

"टीव्हीले?"

"भुरी आली त्याले. भेंडीची जाते ना?"

काकाजी खाटेवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. ते रागावले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. मनानं फार चांगला माणूस. पण गोष्ट सांगायची त्यांना भारी हौस, आणि ही गोष्ट त्यांना फार आवडली. पाहुणा आला की चहाबरोबर ती यायची. लग्नाच्या पंगतीत, पानाच्या ठेल्यावर, "आमची बाई टीव्हीचं पीक घेते, धुरळणी करते त्याच्यावर." लोक हसत. काकूही पदर तोंडाला लावून हसायची.

फक्त त्यानंतर तिनं टीव्हीला हात लावणं सोडलं. सुरू करायचा तर म्हणायची, "मंदे, तूच दाब ते बटन." एकदा जुड्या बांधता बांधता, मान वर न करता ती म्हणाली, "गंधकानं नाई बिघडला तो. त्याच्या आधी मी रोज ओल्या फडक्यानं पुसत होती ना... ओल शिरली असन आत. यायनं सांभाळ म्हटलं, अन् मी सांभाळता सांभाळताच नासवला." मलाही तसंच वाटत होतं.

पुढे मी एसटीनं वर्ध्याला कॉलेजात जाऊ लागले. बी.एससी. झाले, आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. निकालाच्या दिवशी मायनं देवापुढे साखर ठेवली आणि मी ती चिमूटभर उचलून आधी शेजारी काकूकडे गेले. नंतर शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेला घर झालं. काकाजी कायमचे परत आले आणि पुढची कितीतरी वर्षं त्या टीव्हीच्या मधल्या, भाकरीएवढ्या स्वच्छ गोलात बातम्या पाहत राहिले. ते गेल्यावर जामचं घर विकलं गेलं आणि काकू माझ्या घरामागच्या खोलीत राहायला आली. सामान थोडंच होतं. त्यात टीव्ही होता, झालरीच्या कापडासकट.

मागच्या उन्हाळ्यात तिचा पुतण्या विलास नागपूरहून आला. गुडघ्यांमुळे तिला आता एकटीनं राहणं जमत नव्हतं. महिनाअखेर तो तिला घेऊन जाणार होता. सामान पाहताना तो म्हणाला, "काकू, हा डबा भंगारात देऊन टाकू. आता कोणी पाह्यते काय असा टीव्ही?" काकूनं मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाली, "बरंच हाये. माह्या हातानं बिघडलेली वस्तू डोळ्यापुढून जाईन एकदाची."

इतक्या वर्षांनंतरही ते तिच्या मनात तसंच होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

त्या काळच्या काही टीव्हींमध्ये चित्रनळीच्या तोंडावर संरक्षणासाठी आणखी एक काच चिकटवलेली असे, आणि या दोन काचांमधला पारदर्शक डिंक जुना झाला की कडेकडेनं पांढरा पडतो, हे मी अलीकडेच वाचलं होतं. परदेशात काही हौशी लोक त्या काचा सोडवून तो साफ करतात. मी हे काकूला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "तू माह्यं मन राखाले म्हणून राह्यली," ती म्हणाली. मग सांगून उपयोग नव्हता, दाखवायलाच हवं होतं. आणि विलास यायच्या आत.

वर्ध्याचे रमेशभाऊ पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी पेटी उघडून नळीतली उरलीसुरली वीज काढून दिली, नळी सोडवली. जाता जाता बजावलं, "मॅडम, मागची ही मान सांभाळा. टिचकी लागली अन् हवा आत गेली तं खेळ संपला. अशी दुसरी भेटत नाई." म्हणजे चुकलं असतं तर मधला भाकरीएवढा गोलही गेला असता, आणि काकूच्या मनातला नासवल्याचा डाग कायमचा पक्का झाला असता.

डिंक सैल व्हायला चांगली ऊब लागते. परदेशातले लोक त्यासाठी विजेची यंत्रं वापरतात. आमच्याकडे मे महिना होता. टमाट्याच्या क्रेटमध्ये गोधड्या घालून त्यात नळी मान खाली करून बसवली, दोन काचांच्या कडेभोवतीची चिकटपट्टी कापली आणि गच्चीवर ठेवून वरून वाडीतला मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यांवर अंथरायचा, काळा प्लास्टिकचा कागद झाकला. काकू एकेक पायरी टेकत वर आली आणि जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसली, पापड वाळत घातल्यासारखी राखण करत. "कावळा नाई येत, पण याले नजर तं लागते," ती म्हणाली.

उन्हं कलू लागली तेव्हा कागद उचलला. आंबूस वास आला, शिळ्या ताकासारखा. काचेच्या कडेला डिंक मऊ होऊन मधासारखा ओघळला होता. दोन काचांमधून ओढायच्या बारीक पोलादी तारेला दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या होत्या. एक मूठ मी धरली. दुसरी धरायला शेजारच्या मुलाला हाक मारणार, तोच काकू पुढे आली.

"मी धरतो ना. जात्यावर बसली नाई काय मी कधी?"

डोळ्यांना चष्मे, हातांना जाड मोजे, आणि आम्ही दोघी समोरासमोर. एकदा मी ओढायची, एकदा ती. मधे मधे तार अडायची. तिचा हात मात्र कुठेही हिसका देत नव्हता. तार तळाच्या कडेतून बाहेर आली तेव्हा मी वरची काच दोन्ही हातांनी हळूच सरकवली, आणि ती निघाली. नळी शाबूत होती.

सगळी भुरी आत होती. दोन काचांच्या मधे, पांढरी, चिकट.

काकूनं मोजा काढला. एक बोट त्या डिंकात बुडवलं, दुसऱ्या हातानं सुट्या झालेल्या काचेची बाहेरची बाजू चाचपली. तिनं वर्षानुवर्षं पुसलेली बाजू. ती स्वच्छ होती.

"म्हणजे फडकं इथलोक पोचतच नव्हतं?"

"नाई काकू. पाणी नाई, राख नाई, गंधकही नाई. ते आतूनच झालतं. हात लावला नसता तरी झालं असतं."

बोट पदराला पुसून ती म्हणाली, "हे तुह्या काकाजीले सांगाले पाह्यजे होतं."

डिंक आम्ही कोमट पाण्यानं खरवडून काढला. वरच्या उजव्या कोपऱ्यातला थोडा राहिला. तोवर काच थंड झाली आणि जोर लावायची माझी छाती झाली नाही. रमेशभाऊंनी सुटी काच कडेनं चिकटपट्टी लावून नळीवर परत बसवली, नळी पेटीत घातली, आजच्या वाहिन्या दिसाव्या म्हणून मधे एक छोटा डबा जोडून दिला. बटन दाबायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पुढे झाले. काकूनं मला हातानं मागे केलं आणि स्वतः दाबलं. आधी आवाज आला, मग सावकाश चित्र... कुठल्या तरी गावातलं मिरचीचं शेत, तो एक कोपरा सोडला तर कडेपासून कडेपर्यंत. तो लाल रंग मी लहानपणी पाहिला होता आणि विसरून गेले होते.

महिनाअखेर विलास गाडी घेऊन आला. टीव्ही सुरू पाहून चकित झाला, आणि हसत हसत म्हणाला, "काकाजी सांगत ना, काकूनं याच्यावर गंधक मारलतं म्हणून?" मी काकूकडे पाहिलं. ती पिशवीची गाठ मारत होती.

"मारलतं," ती म्हणाली. "पण बिघडला होता तो आतून. मंदीले विचार."

आणि गाडीत जाऊन बसली.

टीव्ही आता माझ्या घरी असतो. विलासनं विचारलं होतं, घेऊन जायचा का, काकूच म्हणाली, "तिच्याकडेच राहू दे, तिची शाळा हाये ती." आठवड्यातून एकदा मी तो लावते, आणि ओल्या फडक्यानं काच पुसते. पेटी उघडली होती तेव्हा खालच्या खाचेत, लाकूड आणि काचेच्या मधे, पिवळ्या भुकटीची एक बारीक रेघ सापडली होती. रमेशभाऊ ब्रशनं ती झाडायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. ती अजून तिथेच आहे.